सोलापुरात रूम हीटर घ्यायचाय, हसू नका (वडिलांसाठी, बजेट ५-६ हजार)

कसब्यातला | २६ डिसेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मला माहितेय आपल्या गावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं आणि इथं हीटर विचारला की लोक कपाळाला हात लावून ताप बघतात. पण प्रश्न खरा आहे.

अप्पा ७६ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं, शुगर आधीपासून आहेच. आमचं घर कसब्यातलं जुनं. मागं एक खोली वाढवलेली आहे १० बाय १२ ची, वर पत्रा, संडास-बाथरूम लागूनच, म्हणून अप्पांची खाट तिथंच टाकलीय, त्यांना पुढच्या खोलीतून रात्री चालत नेणं जमत नाही. दिवसा खोली मस्त असते, रात्री अकरापर्यंतही काही नाही, पण पहाटे चारनंतर जे गार पडतं ते विचारू नका. परवा आईनं भिंतीवरचं थर्मामीटर बघितलं, पाच वाजता १४. दोन चादरी, एक रग, कानटोपी सगळं घालूनही त्यांचा डावा हात लाकडासारखा होतो, उठवून बसवायचं म्हटलं तर कळ येते त्यांना.

नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो. एकानं लाल कांड्यांचा दाखवला बाराशेला, एकानं पंख्याचा दाखवला अठराशेला, आणि तिसरा म्हणाला तेलाचाच घ्या साहेब, महाग आहे पण लाईट कमी खातो. डोकं भंजाळलंय. सेफ पाहिजे, बिल फार नको. कुणी वापरलाय का?

---

कडकभाकरी | २६ डिसेंबर, रात्री ११:१२

हीटर? सोलापुरात? का बे, खोलीचा पत्रा मार्चपर्यंत थांबत नाही का 😄

मस्करी सोड, अप्पांना बरं वाटू दे. मला यातलं काही कळत नाही पण धागा वर ठेवतो.

---

नान्नजचा_माळ | २६ डिसेंबर, रात्री ११:३०

आमच्याकडं १५०० वॅटचा आहे, पाच वर्षं झाली, बादली पंधरा-वीस मिनिटात कडक. फक्त बटन बंद करून मगच पाण्यात हात घाला.

---

कडकभाकरी | २६ डिसेंबर, रात्री ११:३४

अहो काका, ते खोली गरम करायचं म्हणतायत, अंघोळीचं पाणी नाही.

---

नान्नजचा_माळ | २६ डिसेंबर, रात्री ११:४१

अस्सं. आमच्यात हीटर म्हणजे कॉईलच. असू दे, राहू दे प्रतिसाद, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

---

दिल्लीत_अडकलेला | २७ डिसेंबर, सकाळी ७:२०

मूळचा विजापूर रोडचा, अकरा वर्षं दिल्लीत आहे, इथं हीटरशिवाय जानेवारी निघत नाही त्यामुळं घरात आजवर चार प्रकार येऊन गेलेत. जे कळलं ते सांगतो.

लाल कांड्यांचा म्हणजे क्वार्ट्झ किंवा हॅलोजन. हा हवा फारशी गरम करत नाही, समोर बसलेल्या माणसाला शेक देतो, शेकोटीसारखा. चालू केला की मिनिटभरात ऊब, समोरून बाजूला झालात की संपलं. ४००-४०० वॅटच्या दोन कांड्या असतात साधारण. स्वस्त. पण कांडी लालभडक तापते आणि पुढं नुसती जाळी, त्यामुळं पांघरूण, ओढणी, पेपर यांच्याशी याचं अजिबात जमत नाही.

पंख्याचा म्हणजे ब्लोअर, १०००/२००० वॅट. छोटी खोली दहा मिनिटात गरम करतो. आवाज येतो, हवा तोंडावर आली की घसा कोरडा पडतो, आणि बंद केला की थोड्याच वेळात खोली परत होती तशी. पीटीसी सिरॅमिकवाला ब्लोअर मिळाला तर बरा, त्यातला सिरॅमिकचा तुकडा जास्त तापला की स्वतःच करंट कमी ओढतो.

तेलाचा म्हणजे ऑइल रेडिएटर, पन्हाळ्या पन्हाळ्यांचा लोखंडी डबा, ९ फिन, ११ फिन, १३ फिन असे येतात. आत तेल सीलबंद असतं, ते जळत नाही, कधी भरावंही लागत नाही, नुसतं तापतं आणि डबा तापवतं. आवाज नाही, उजेड नाही, हवेचा झोत नाही. पण तापायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. बंद केल्यावर मात्र बराच वेळ ऊब टिकते. तुमच्या वडिलांना मी हाच घेतला असता. हॅवेल्स, उषा, बजाज, मॉर्फी रिचर्ड्स, डेलॉन्गी सगळ्यांचे येतात. ९ फिनचा मी बघितला तेव्हा सात ते दहा हजारात होता, म्हणजे तुमच्या बजेटच्या वर जातोय हे खरं.

---

हिशोबनीस | २७ डिसेंबर, सकाळी ९:०५

दुकानदार "तेलाचा लाईट कमी खातो" म्हणाला ना, तिथंच मला लिहावंसं वाटलं.

विजेवर तापणाऱ्या तारेचा हीटर कुठलाही असो, १००० वॅट तासभर चालला की एक युनिट, आणि त्या युनिटची सगळीच्या सगळी उष्णताच होते, वाया काही जातच नाही जायला. मग ती तार लाल दिसो, पंख्यापुढं असो नाहीतर तेलात बुडवलेली असो. एका युनिटची ऊब एवढीच. तेलाचा "कमी खातो" असं वाटतं कारण त्याला थर्मोस्टॅट असतो, खोली तापली की तो मधेमधे बंद राहतो. तसा थर्मोस्टॅट ब्लोअरला असेल तर तोही तेवढाच खाईल. यातून सुटका एकच, हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो म्हणून एका युनिटात तीन युनिटांच्या आसपास ऊब देतो. पण दोन महिन्यांच्या थंडीसाठी आणि पत्र्याच्या खोलीला कोण लावणार.

आता बिल. २००० वॅट रोज तीन तास अखंड म्हणजे ६ युनिट, महिन्याला १८०. हे जड आहे. पण १००० वॅट पहाटे दोन तास म्हणजे महिन्याला ६०. युनिट सरासरी दहा रुपये धरलं (तुमच्या बिलावर सगळे आकार मिळून किती पडतो ते बघून घ्या) तर अठराशे आणि सहाशे असा फरक आहे. म्हणजे तेल की पंखा यानं नाही, किती वॅटवर किती तास यानं बिल ठरतं.

आणि स्लॅबला उगाच भिऊ नका. १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे आहेत, पण ३०० च्या वर गेलात तर वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, सगळ्या बिलाला नाही. हे आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना अजून पटत नाही.

---

बाळीवेस_मावशी | २७ डिसेंबर, दुपारी १:१५

एवढा खर्च कशाला रे बाळा. आमच्या सासूबाई बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायच्या, ओवा-शेपा टाकून, खोली कशी उबदार व्हायची, वासही छान. तसं पहाटे कोळशाची शेगडी पेटवून आत ठेव, दार लोटून घे. वीज नको काही नको. आमची सगळी बाळंतपणं तशीच झाली.

---

फिजिओताई | २७ डिसेंबर, दुपारी २:४०

मावशी, राग मानू नका पण हे कृपा करून कुणी करू नका. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला कळतच नाही, झोप नुसती गाढ होत जाते. पूर्वीच्या घरांना कौलं, झरोके, फटी होत्या, दारं कुणी इतकी घट्ट लावत नव्हतं, म्हणून निभावून गेलं. विजेच्या हीटरमधे काही जळत नाही त्यामुळं हा धोका त्यात नाही.

कसब्यातला दादा, तुमच्यासाठी वेगळं लिहिते. मी घरी जाऊन व्यायाम घेते, पॅरालिसिसचे पेशंट बरेच आहेत. डाव्या बाजूला त्यांना स्पर्श, गरम-गार कितपत कळतं ते आधी बघा. शुगरमुळं पायाच्या तळव्यांनाही कळत नसेल. अशा पेशंटला भाजलं तरी तो ओरडत नाही. गरम पाण्याच्या रबरी पिशवीनं घोट्याला टरारून फोड आलेला मी पाहिलाय, आणि त्या आजींना संध्याकाळी मोजा काढताना कळलं. शुगर असली की ती जखम महिनोन्महिने चालते.

म्हणून लाल कांड्यांचा नको, तो एकाच बाजूला शेकतो आणि माणूस जवळ सरकतो. तेलाचाही अंगाला लागला तर चटका देतो, खाटेपासून निदान तीन फूट लांब पाहिजे, आणि त्यांच्या डाव्या बाजूला नकोच, उजव्या बाजूला ठेवा म्हणजे कळेल तरी. इलेक्ट्रिक ब्लँकेट कुणी सुचवेल, लाईट अगदीच कमी लागते त्याला, पण ज्याला गरम कळत नाही आणि रात्री अंथरूण ओलं व्हायची शक्यता आहे त्याला ते नको.

खोली फार तापवायचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या घरांबद्दलच्या मार्गदर्शनात थंडीत घरात निदान १८ अंश असावं असं म्हटलंय, म्हाताऱ्यांना थोडं जास्त. तुमचे १४ आहेत. चार-पाच अंशांचा प्रश्न आहे फक्त.

---

बाळीवेस_मावशी | २७ डिसेंबर, दुपारी ३:०२

राग कसला. शेगडीचं मागं घेते. पण ओवा तव्यावर भाजून पुरचुंडीनं उजव्या हाताला शेकायला हरकत नाही ना?

---

फिजिओताई | २७ डिसेंबर, दुपारी ३:१०

उजव्या हाताला चालेल मावशी, आधी आपल्या मनगटाला लावून बघायची पुरचुंडी 🙂

---

जुळे_सोलापूर_फ्लॅटवाला | २७ डिसेंबर, रात्री ९:३०

माझ्याकडं २००० चा ब्लोअर आहे, मुलगी झाली तेव्हा घेतला होता, तीन वर्षं झाली. चांगला चालतो. फक्त त्याची पिन जाड असते, साध्या प्लगात बसत नाही, मी तो कन्व्हर्टर मिळतो ना पन्नास-साठ रुपयाचा, जाड पिनेचा बारीक करणारा, तो लावून एक्सटेन्शन बोर्डवर चालवतो. थोडा गरम होतो कन्व्हर्टर, बाकी काही नाही. हीटर ऑक्सिजन खातो म्हणतात म्हणून खिडकी किलकिली ठेवतो आणि पाण्याची वाटी ठेवतो.

---

लूमचा_वायरमन | २७ डिसेंबर, रात्री १०:२०

वर फ्लॅटवाल्या साहेबांचं वाचलं आणि जेवण सोडून लिहायला बसलोय. साहेब तो कन्व्हर्टर आज रात्री काढा. आत्ता.

मी ३४ वर्षं वायरिंग केलंय, पहिली वीस वर्षं अक्कलकोट रोडला लूमच्या शेडमधे आणि नंतर घरांची. मला हीटर कुठल्या कंपनीचा हे कुणी विचारत नाही, जळाल्यावर बोलावतात. आणि दहातल्या आठ वेळा हीटर ठणठणीत असतो, जळालेला असतो प्लग.

का ते सांगतो. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट, पावणेनऊ अँपिअर होतात. साधा बारीक प्लग सहा अँपिअरचा. त्याच्यामागं बहुतेक घरात एक एमएमची वायर असते, ती दिव्या-पंख्यासाठी आहे. जाड प्लग सोळा अँपिअरचा, त्याला अडीच एमएमची वायर पाहिजे आणि अर्थिंग पाहिजे. तो पन्नास रुपयाचा कन्व्हर्टर काय करतो, जाड पिनेला बारीक भोकात घुसवतो, बाकी मागची वायर आहे तीच. आणि सैल जॉइंट असला तर तिथली गरमी करंटच्या वर्गात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की जॉइंट दुप्पट नाही, चौपट तापतो. १००० वॅटला जो प्लग कोमट लागतो तो २००० ला प्लॅस्टिक वितळवतो. "थोडा गरम होतो" म्हणजे तो सांगतोय तुम्हाला.

कसब्यातले साहेब, हीटर नंतर घ्या. आधी त्या मागच्या खोलीचा बोर्ड मेन बंद करून कुणा जाणकाराकडून उघडून बघा. वाढवलेल्या खोल्यांत वायर कुठून ओढलेली असते ते मला माहितेय, मीच ओढल्यात तसल्या, मालक म्हणायचा एक बल्ब अन एक पंखाच तर लागणारे. मीटरपासून इएलसीबी (आता आरसीसीबी म्हणतात), म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, आहे का बघा, ३० मिलिअँपिअरचा. बाथरूमला लागून खोली आहे, फरशी ओली असणार.

आणि बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो तो पण बघून ठेवा, एक किलोवॅट असेल आणि गिझर, मोटर, हीटर एकदम चालवणार असाल तर वाढवून घ्या.

ऑक्सिजनचं म्हणाल तर विजेचा हीटर काही खात नाही, आत जळतंय काय? ताई म्हणाल्या तेच.

---

हिशोबनीस | २७ डिसेंबर, रात्री ११:००

वायरमन काकांना +१००.

कोरड्या हवेचं थोडं सांगतो, कारण ते सगळ्यांना जाणवतं आणि मग ऑक्सिजनवर ढकलतात. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेत जास्त वाफ मावते, म्हणून टक्का घसरतो. १५ अंशाला ६० टक्के दमट असलेली हवा तशीच २५ अंशाला नेली की ३२ टक्क्यांच्या आसपास येते. ओठ फुटतात ते यामुळं. सोलापूरची हवा आधीच कोरडी, त्यात आणखी दहा अंश चढवू नका. पाण्याची वाटी ठेवा पण तिच्याकडून फार अपेक्षा नकोत, ओला टॉवेल दोरीवर (हीटरपासून लांब!) टाकला तर जास्त काम होतं. टॉवेलची तर आपल्या गावात कमी नाही.

---

जुळे_सोलापूर_फ्लॅटवाला | २८ डिसेंबर, सकाळी ६:५५

काका, काढला. आतल्या बाजूला बघितलं तर एक भोक बिस्किटासारखं तपकिरी झालंय. तीन वर्षं मी त्याच्याशेजारी पोरीला झोपवत होतो. बोलायला शब्द नाहीत.

---

कसब्यातला | २८ डिसेंबर, रात्री ९:४५

सगळ्यांना एकत्र उत्तर देतोय. ताई, तुमचं वाचून अप्पांचे डोळे मिटायला सांगून कोमट आणि गार चमचा दोन्ही पायांना लावून बघितला. उजव्या पायाला ओळखले. डाव्याला दोन्ही वेळा म्हणाले, "लाव की." लावलेलाच होता.

आमच्या ओळखीचा वायरमन गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) स्टॉलच्या कामात अडकलाय, पण आज संध्याकाळी अर्धा तास आला. बोर्डाचे चार स्क्रू काढले, प्लेट पुढं ओढली आणि तो नुसता "हं" म्हणाला. प्लग बाहेरून जाड, सोळा अँपिअरचा, त्याच्यावर मी निश्चिंत होतो. मागं बघतो तर त्याला आलेली वायर दोऱ्यासारखी, एक एमएमची, आणि ती पण त्याच बोर्डातल्या पंख्याच्या बटनावरून लूप केलेली. फेजच्या स्क्रूजवळ वायरचं लाल कव्हर दोन बोटं मागं सरकून कडक झालेलं, नखानं टोचलं तर खपलीसारखं निघालं. अर्थिंगच्या पिनेला काहीच नाही, मोकळी. गेल्या वर्षी आईनं तिथं इस्त्री लावलेली, तेवढ्यावर ही अवस्था. ती खोली वाढवताना ज्यानं वायरिंग केलं त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही, आठवलं तर सांगतो त्याला काय ते.

म्हणजे मी परवा तो अठराशेचा ब्लोअर घेऊन आलो असतो तर सरळ तिथंच लावला असता. प्लग जाड आहे की!

मीटरजवळून नवीन अडीचची वायर ओढायला सांगितलीय, वेगळा सोळाचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंगसकट, आणि आरसीसीबी नव्हताच, तो पण बसवतोय. खर्च सगळा मिळून साडेचार हजार म्हणाला. बजेट इथंच संपलं 😐

---

लूमचा_वायरमन | २८ डिसेंबर, रात्री १०:१०

शाब्बास. हा खर्च हीटरच्या खात्यात धरू नका, घराच्या खात्यात धरा. काम झाल्यावर आरसीसीबीचं टेस्टचं बटन दाबून घ्या, खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर पैसे देऊ नका.

---

दिल्लीत_अडकलेला | २९ डिसेंबर, सकाळी ८:००

पत्र्याच्या खोलीत एक करून बघा, पैसे लागत नाहीत फार. पत्रा आणि भिंतीमधे जी फट असते ना, पन्हाळीच्या लाटांखाली, तिथून सगळी ऊब निघून जाते. आणि आपल्याकडं थंडीत आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, पत्रा रात्रभर आभाळाकडं उष्णता फेकत बसतो, म्हणून पहाटे तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. सकाळी पत्र्याला आतून हात लावून बघा. फटी बुजवा आणि खाली काहीतरी आडोसा करा. थर्माकोल मात्र नको, तो पेटतो आणि धूर वाईट.

---

कडकभाकरी | २९ डिसेंबर, सकाळी ९:१८

जिप्समची शीट मार की. आणि दाराला सोलापुरी चादर, दुहेरी. चाटी गल्लीत सेकंड मालाच्या मिळतात स्वस्तात. हीटरपासून लांब लाव म्हणजे झालं, मला काकांचा ओरडा नको.

---

कसब्यातला | ४ जानेवारी, रात्री १०:३०

अपडेट. वायरिंग झालं, टेस्टचं बटन दाबलं, खटकन पडला, आई दचकली. फटी सिमेंटनं बुजवल्या, हवेला खिडकीची वरची झडप तेवढी ठेवली. दाराला दुहेरी चादर. शीटचं काम उन्हाळ्याआधी करणार, तेव्हाही उपयोगच आहे. हीटर न लावताच आज पहाटे साडेपंधरा होतं!

आता हीटर. त्या पहिल्या दुकानात परत गेलो, बाराशेच्या कांडीवाल्याच्या खोक्यावर आयएसआयचा शिक्का शोधला, नाहीच. विचारलं तर म्हणाला "ते फक्त मोठ्या कंपन्यांना लागतं". खरं का?

---

लूमचा_वायरमन | ४ जानेवारी, रात्री १०:४८

साफ खोटं. रूम हीटरला आयएसआय सक्तीचा आहे, इस्त्री, गिझर, कॉईल यांच्यासारखाच. मानक आयएस ३०२, भाग २, विभाग ३०. शिक्क्याखाली सीएम/एल नंबर असतो, फोनवर बीआयएस केअर ॲप घ्या, त्यात तो नंबर टाका, कुणाचा परवाना आहे, कुठल्या वस्तूचा आहे, चालू आहे का ते दिसतं. शिक्का छापायला काय, कुणीही छापतो, नंबर तपासायचा.

शिवाय दुकानातच हीटर तिरका करून बघायचा, टिप-ओव्हर स्विच असेल तर कलंडल्यावर बंद पडतो. आणि वायर किती लांब आहे बघा, भिंतीच्या प्लगपर्यंत पोचली पाहिजे, एक्सटेन्शन लावायचंच नाही.

---

कसब्यातला | १० जानेवारी, रात्री ११:०५

घेतला. ९ फिनचा तेलाचा, ८००/१२००/२००० अशी तीन बटनं, ७२०० ला पडला, ॲपमधे नंबर टाकून बघितला, बरोबर निघाला. बजेट गेलं खड्ड्यात, पण बहीण म्हणाली निम्मे मी देते.

चार दिवसांचा अनुभव. मी साडेचारला उठून १२०० वर लावतो, सव्वापाचपर्यंत खोली १९ ला येते, मग तो स्वतःच मधेमधे बंद होतो (टिक् असा आवाज येतो, अप्पांना आधी वाटलं पाल आहे). साडेसहाला बंद, ऊब सातच्या पुढंही राहते, तोवर अप्पांचं तोंड धुणं, चहा सगळं होतं. एक दिवस मीटरवर दुसरं काही चालू न ठेवता आकडा घेतला, दोन तासात पावणेदोन युनिट. २००० च्या बटनाला अजून हात लावलेला नाही. खाटेच्या उजव्या बाजूला, चार फुटांवर. पहिले दोन दिवस दर अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघत होतो, गार. आईनं पहिल्याच दिवशी त्यावर अप्पांचा बनियन वाळत घातला, तो काढला आणि वर चिठ्ठी चिकटवलीय भिंतीवर.

काल अप्पांनी डाव्या हाताची बोटं स्वतः उजव्या हातानं उघडली, सकाळी सकाळी, न कळ येता. ताई, हे तुम्हाला सांगायचं होतं.

---

फिजिओताई | ११ जानेवारी, सकाळी ७:३०

वाचून फार बरं वाटलं. सकाळचा व्यायाम त्याच वेळेला घ्या आता, खोली गरम आहे तोवर. आधी खांदा, मग कोपर, मग बोटं. घाई नको.

---

हिशोबनीस | ११ जानेवारी, सकाळी ९:१२

पावणेदोन युनिट म्हणजे महिन्याला ५२-५३. मी ६० म्हणालो होतो 😎

एक विचारतो, साडेचारला रोज उठण्यापेक्षा टायमरवाला प्लग का नाही लावत?

---

लूमचा_वायरमन | ११ जानेवारी, दुपारी १२:४०

नको. सोळा अँपिअरचा चांगला टायमर मिळतो, पण हीटर चालू होताना खोलीत जागा माणूस पाहिजे. रात्री रग सरकून त्यावर पडला असेल तर टायमरला काय कळणार. उठतायत ते बरोबर आहे. घरच्या इन्व्हर्टरवर पण चालवायचा नाही बरं का, लाईट गेली की बटन बंद करून ठेवायचं.

---

कसब्यातला | ११ जानेवारी, रात्री ९:५०

उठतो काका, सवय झाली. शेवटचं एक विचारतो, संक्रांत झाली की थंडी उतरेल, फेब्रुवारीत हा आडवा करून माळ्यावर टाकला तर चालेल का? उभा बसत नाही तिथं.

---

दिल्लीत_अडकलेला | ११ जानेवारी, रात्री १०:१५

उभाच ठेवा, गार झाल्यावर वायर गुंडाळून, वर जुनी चादर टाकून. न्यायला आडवा करावाच लागला तर परत उभा केल्यावर तासभर थांबून मगच लावायचा, तेल खाली उतरू द्यायचं. माळ्यावर नका टाकू, खाटेखाली बघा बसतो का.

---

कसब्यातला | ११ जानेवारी, रात्री १०:३१

खाटेखाली अप्पांची ट्रंक आहे. ती हलवायची परवानगी मिळणं अवघड आहे, बघतो.